हुकलेल्या अपघातांची भेळ

भूपालअण्णा मगदूम ड्रायव्हरची परीक्षा झोपून घेत. हे मी नव्या माणसाला सांगितलं की त्याला थट्टा वाटते, आणि मला डेपोतल्या दोघा-तिघांना साक्षीला बोलवावं लागतं. अण्णा आमच्या शहर बससेवेत सुरक्षा निरीक्षक होते. एखादा ड्रायव्हर कसा चालवतो हे बघायचं असलं की ते साध्या प्रवाशासारखे गाडीत चढत, मागच्या चाकावरच्या, सगळ्यात जास्त आपटणाऱ्या सीटवर बसत, मफलरची घडी मानेखाली घेत आणि डोळे मिटत. शेवटच्या थांब्यापर्यंत झोप लागली तर ड्रायव्हर पास. मध्येच जाग आली तर उतरताना केबिनच्या दांडीला टेकून ते शांतपणे विचारत, "मर्दा, पुलापाशी मला का उठिवलंस?" पुलापाशी काय झालं होतं ते ड्रायव्हरला बरोबर ठाऊक असे.

माझी त्यांची पहिली भेट अशाच एका परीक्षेत झाली. मी पेठ वडगावची. नोकरीला लागून चार दिवस झाले होते आणि सकाळच्या गाडीने कोल्हापुरात येत होते. शेजारचे उंचेपुरे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ हळूहळू माझ्या खांद्यावर कलंडायला लागले. दोनदा सरकून बघितलं, तिसऱ्यांदा छत्रीच्या दांड्याने ढोसलं. ते दचकून जागे झाले आणि पहिला प्रश्न काय विचारला, तर ब्रेक लागला का म्हणून. मी म्हटलं, ब्रेक नाही, छत्री लागली. त्यांचा जीव भांड्यात पडला. "मग ड्रायव्हरचं मार्क कापत न्हाई," म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटून घेतले. हा माणूस जरा सटकलेला आहे अशी माझी खात्री झाली. तासाभराने ऑफिसात पोचले तर तो सटकलेला माणूस माझ्या शेजारच्याच टेबलावर बसून ताक पीत होता.

माझ्या कामाला कागदावर 'कामगिरी संनियंत्रण' असं भारदस्त नाव होतं. म्हणजे गाड्या कुठे आहेत, किती वेगाने पळताहेत, कोण वेळेवर आहे आणि कोण नाही, हे संगणकावर बघत बसायचं. अण्णांचंही काम तेच, पण त्यांचा संगणकाशी काही संबंध नव्हता. गडहिंग्लजकडच्या एका शेतकरी घरातले ते. ड्रायव्हर म्हणून लागले, मग नव्या पोरांना शिकवायला लागले, मग निरीक्षक झाले. बोलण्यात मधूनच कानडी डोकवायचं. समोरची बाई कुठल्याही वयाची असो, ती त्यांची 'अक्का'. मी त्यांच्या मुलीपेक्षा लहान, तरी मला अक्का. आवाज असा की कानात सांगितलेलं वर्कशॉपपर्यंत ऐकू जावं, आणि त्यांना मात्र आपण हळू बोलतो असं प्रामाणिकपणे वाटायचं.

अण्णांचं खरं काम शनिवारी चाले. दुपारची पाळी बदलताना वर्कशॉपच्या मागच्या शेडखाली जुन्या टायरांवर ड्रायव्हर-कंडक्टर जमत आणि अण्णा भेळ कालवत. घरून मोठं पातेलं आणत, चिरमुरे, फरसाण, चिंचेचं पाणी सगळं स्वतःच्या हाताने. अण्णा जैन, आणि पाळणारे जैन. कांदा खात नसत आणि दिवस मावळल्यावर तोंडात काही घालत नसत. त्यामुळे बैठक उन्हं असतानाच आणि भेळ बिनकांद्याची. कोल्हापुरात राहून बिनकांद्याची भेळ खायची म्हणजे काय, यावर दर शनिवारी कुरकुर होई आणि पातेलं दर शनिवारी रिकामं होई.

भेळीला अट एकच. पातेल्यात हात घालण्याआधी अण्णा विचारत, "ह्या आठवड्यात काय हुकलं?" म्हणजे कुठला अपघात होता होता राहिला ते सांगायचं. जो पहिल्यांदा सांगेल त्याला पहिली प्लेट. एक जण सांगे, म्हातारीचा एक पाय पायरीवर असतानाच घंटी मारली गेली. दुसरा म्हणे, कुस्तीच्या मैदानाचा बोर्ड वाचत राहिलो आणि पुढची रिक्षा दिसलीच नाही. एकाने तर सांगितलं की घरची म्हैस विकावी की ठेवावी या विचारात त्याने अख्खा सिग्नल तोडला. त्यावर म्हशीला किती दूध आहे इथपासून चर्चा झाली आणि शेवटी सर्वानुमते म्हैस ठेवायची ठरली. अण्णा सगळं ऐकून घेत. कुणाला रागावत नसत, कुणाचं नाव वर कळवत नसत. सोमवारी प्रशिक्षणात तोच प्रसंग नाव काढून सांगत. मी एकदा विचारलं, एवढं करून काय मिळतं? तेव्हा म्हणाले, "झालेल्या अपघाताला पोलीस हाय, कोर्ट हाय, पेपरवाला हाय. हुकलेल्याला कोण हाय? आपणच की."

मग प्रत्येक गाडीत डबा आला. चालकाच्या सीटखाली बसवलेलं एक छोटं यंत्र. वेग, जागा, करकचून मारलेला ब्रेक, सगळं टिपायचं आणि माझ्या संगणकावर पाठवायचं. त्यावरून प्रत्येकाला गुण. डेपोच्या दारात मोठा टीव्ही लागला. त्यावर सगळ्या ड्रायव्हरांची नावं, वरची हिरवी, मधली पिवळी, खालची तांबडी. सलग तीन महिने तांबड्यात राहिला तो स्टिअरिंगवरून खाली. आमचे व्यवस्थापक माने साहेब वाईट नव्हते. त्यांना वरून दट्ट्या होता, अपघात कमी झालेले कागदावर दिसायला हवे होते. त्यांनी आणखी एक नियम घातला: ड्रायव्हरने स्वतःहून कुठेही सांगितलेल्या चुकीचेही गुण वजा होणार.

अण्णा डब्यावर चिडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. उलट ते खूश. पहिल्या दिवशी त्यांनी डब्याला हळद-कुंकू वाहिलं आणि नारळ फोडून खोबरं वाटलं. "माझ्या झोपेपेक्षा ह्यो बरा," ते म्हणाले. "मला भाचा हाय, पाव्हणा हाय, गाववाला हाय. डब्याला कोण न्हाई." मला तर तेव्हा अण्णांचा फार आधार वाटला. नाहीतर डेपोतली निम्मी माणसं माझ्याकडे मी त्यांच्या पगारातून सोनं करून घेतल्यासारखी बघायची.

अण्णांच्या खुशीला दुसरंही एक कारण होतं आणि ते त्यांनी लपवलेलं नव्हतं. निवृत्तीला थोडे महिने उरले होते. अख्ख्या नोकरीत एकही अपघात आणि एकही शेरा नसलेल्या माणसाला रस्ता सुरक्षेच्या वार्षिक कार्यक्रमात चांदीचा बिल्ला मिळतो. तो बिल्ला त्यांना हवा होता. अगदी लहान मुलाला हवा असतो तसा. ड्रायव्हर असताना त्यांनी तो दुसऱ्याच्या छातीवर लागताना बघितला होता आणि तेव्हापासून मनात धरला होता. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, कार्यक्रमाला नेसायची साडीसुद्धा घेऊन ठेवली होती आणि गडहिंग्लजच्या नातेवाइकांना आधीच आवतण गेलं होतं. या असल्या इच्छेची त्यांना लाज वाटत नव्हती, आणि मला त्यांची हीच गोष्ट सगळ्यात आवडायची.

आणि शनिवारची भेळ उरायला लागली.

पहिल्या शनिवारी अण्णांना वाटलं चिरमुरे सादळले असतील. दुसऱ्या शनिवारी त्यांनी चिंचेचं पाणी बदललं. तिसऱ्या शनिवारी शेडखाली सगळे होते, पण "काय हुकलं?" या प्रश्नावर जो तो टायराच्या नक्षीकडे बघत बसला. कुणी म्हणालं, आता काही हुकतच नाही अण्णा, सगळे नीट चालवतात. इकडे माझ्या संगणकावरही तेच दिसत होतं. करकचून ब्रेक कमी झाले होते, टीव्हीवर हिरवळ माजली होती, माने साहेबांनी मला चहा पाजला होता. अण्णा मात्र उरलेलं पातेलं स्कूटरच्या पुढ्यात ठेवून घरी घेऊन गेले. माणसं एका महिन्यात एवढी सुधारत नाहीत, एवढंच मला म्हणाले.

त्या हिरवळीत सर्जेराव खोत तेवढा तांबडा. सर्जेराव म्हणजे अण्णांनी शिकवलेल्यांतला सगळ्यात लाडका. त्याच्या गाडीत अण्णा बसल्या बसल्या घोरायला लागत. वडगावच्या रस्त्यावर त्याचा रोज एक करकचून ब्रेक लागत होता, आणि तिसरा महिना संपत आला होता. अण्णा त्याच्यावर भयंकर संतापले. मोबाइल बघत असणार, दुसरं काही कारण असूच शकत नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि बोलूनही दाखवलं. सर्जेराव मुळात घुमा. त्यात गुरूच असं बोलतो म्हटल्यावर त्याने तोंडच मिटलं. मला राहवलं नाही. मी नकाशा उघडून दाखवला. त्याचे सगळे ब्रेक एकाच ठिकाणचे होते, उसाच्या शेतातून रस्त्यावर उतरणाऱ्या एका बोळाच्या अलीकडचे. अण्णांनी त्या बोळावर बोट ठेवलं. मग म्हणाले, चला, जाऊन बघू.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सर्जेरावच्या गाडीत बसलो. अण्णांनी सवयीने डोळे मिटले. बोळ आला आणि गाडी दणकन थांबली. पुढून, अगदी नाकासमोरून, उसाने लादलेली जोड ट्रॉली ओढत ट्रॅक्टर रस्त्यावर आला. तो आधी दिसणं शक्यच नव्हतं. बोळाच्या तोंडावर एका युवा नेत्याच्या वाढदिवसाचा भला मोठा फ्लेक्स लागला होता, आणि नेत्याच्या डाव्या-उजव्या हाताला शुभेच्छुकांचे इतके चेहरे होते की पलीकडचा रस्ताच झाकला गेला होता. अण्णा केबिनपाशी गेले. त्यांनी सर्जेरावला काही विचारलं नाही. नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही तिथेच उतरलो.

समोर चहाची टपरी होती. तिथल्या बाकावर आम्ही बसून राहिलो आणि आमच्याच बाकीच्या गाड्या जाताना बघितल्या. एकही गाडी तिथे वेग कमी करत नव्हती. ब्रेक मारला तर गुण जातात, म्हणून ड्रायव्हर पाय ब्रेकवर न नेता देवाचं नाव घेऊन बोळ ओलांडत होते. विकास कांबळेची गाडी आली, टीव्हीवर सगळ्यात वर असलेल्या विकासची, आणि तेवढ्यात ट्रॅक्टरचं तोंड बाहेर आलं. विकासने ब्रेक मारला नाही. गाडी तशीच डावीकडून उजवीकडे झोकांडी देऊन निघून गेली. मध्ये हातभर जागा राहिली असेल नसेल. टपरीवालीच्या हातातलं गाळणं खाली पडलं. माझ्या संगणकावर यातलं काही उमटलं नव्हतं. मी ऑफिसात जाऊन बघितलं, विकास हिरवाच होता.

त्या शनिवारी अण्णांनी भेळ कालवली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. विकास समोरच बसला होता. मला वाटलं आता अण्णा त्याचं नाव घेतात. ते नुसते पातेल्यात चमचा फिरवत राहिले. शेवटी विकासचं त्यालाच सोसवेना.

"अण्णा, माझं हुकलं," तो म्हणाला. "लई थोडक्यात हुकलं. गाडीत शाळंची पोरं हुती. पाय ब्रेकवर गेलता, मी मागं घेतला. मार्क जातंय म्हणून मागं घेतला." त्याने मान वर केली. "आता सांगितलं म्हणून बी जाईल की मार्क. जाऊ द्या."

अण्णांनी पहिली प्लेट भरून त्याच्या हातात दिली. मग एकेक जण बोलायला लागला. त्या बोळाचंच नव्हे, कुठल्या कुठल्या जागांचं. तीन महिन्यांचं साठलेलं होतं. भेळ संपली आणि कुणालाही ती बिनकांद्याची आहे याची आठवण झाली नाही.

पण गुणांच्या भीतीने कुणी ब्रेक मारत नाही हे आता माने साहेबांना सांगणं भाग होतं, आणि सांगितलं की नियमाप्रमाणे शेडखालच्या प्रत्येकाचे गुण कापले जाणार होते. सोमवारी अण्णा त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि मला सोबत नेलं. साहेबांनी सगळं ऐकलं. त्यांनाही हादरा बसला होता, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं. पण त्यांचीही अडचण खरी होती. म्हणाले, "मगदूम, मला पटतंय तुमचं. पण यंत्रणा वरून आली आहे. नोंद झाली की ती कुणाच्या तरी नावावर घालावी लागते. जागा रिकामी ठेवता येत नाही."

"मग माझ्या नावावर घाला," अण्णा म्हणाले.

साहेबांना वाटलं ते तिरकस बोलताहेत. अण्णा तिरकस बोलत नव्हते. त्यांनी समजावून सांगितलं: माझं लायसन अजून चालू आहे, म्हणजे मी ड्रायव्हर म्हणून यादीत बसतो. शनिवारी जो आपलं हुकलेलं सांगेल त्याचे गुण त्याच्या नावावरून काढायचे आणि माझ्या नावावर कापायचे. सर्जेरावचे तीन महिन्यांचे ब्रेकही माझ्याच नावावर आणायचे. जो सांगणार नाही, त्याचं डबा बघून घेईल. साहेबांनी हळूच विचारलं, बिल्ल्याचं काय? तांबड्या नावाला बिल्ला मिळत नाही हे तिथे तिघांनाही माहीत होतं. अण्णांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच खरोखर हळू झाला. "लई वाटत हुतं, साहेब," ते म्हणाले. "पण बिल्ला लावून शेडात गेलो आनि कोण बोललंच न्हाई, तर कुणाला दावू त्यो?"

दुपारी मी संगणकात त्यांचं नाव ड्रायव्हरांच्या यादीत टाकलं. टाकताना डोळ्यांत पाणी आलं, हे कबूल करायला मला काही वाटत नाही. टीव्हीवर भूपाल मगदूम हे नाव आलं, संध्याकाळपर्यंत हिरवं राहिलं, आणि सर्जेरावचे ब्रेक त्याच्यावर चढवल्यावर तांबडं होऊन सगळ्यात खाली गेलं. सर्जेराव दुसऱ्या दिवशी वडगावच्या गाडीवर होता.

फ्लेक्सचं काम अण्णांनी स्वतः केलं. युवा नेत्याच्या घरी पेढे घेऊन गेले, वाढदिवसाच्या उशिराने शुभेच्छा दिल्या आणि म्हणाले, "पावणं, फोटो लई देखणा आलाय. ट्रॅक्टरवाला वळून वळून बघतोय आनि गाडीखाली येतोय. जरा बांधाच्या आत घ्या, म्हंजे निवांत बघतील." नेता लाजला. फ्लेक्स त्याच दिवशी आत गेला, आणि पुढच्या महिन्यात त्याने स्वतःच्या खर्चाने बोळापाशी 'सावकाश' असा बोर्ड लावून दिला. अर्थात त्या बोर्डावरही त्याचा फोटो होता, पण छोटा.

पुढचे महिने मजेत गेले. शनिवारच्या पातेल्याच्या जागी दोन पातेली आली. अण्णांचं नाव आठवड्याला आणखी खाली घसरे आणि दारातून आत येताना ड्रायव्हर आधी ते बघत. एखाद्या आठवड्यात फार घसरलं नाही तर अण्णा मला येऊन विचारत, अक्का, कुणी काय दडवून ठेवलंय का? मी हसायचे, पण ते खरंच काळजीत असत. मागच्या सीटवरच्या परीक्षा चालूच होत्या. झोपही पूर्वीसारखी लागत होती.

सुरक्षेचा कार्यक्रम झाला. बिल्ला दुसऱ्या डेपोच्या एका सज्जन माणसाला मिळाला आणि अण्णांनी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. त्यांच्या तोंडाकडे मी मुद्दाम बघितलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी काकू नातेवाइकांना घेऊन डेपोत आल्या. तीच साडी नेसल्या होत्या. दारातल्या टीव्हीपाशी त्या थांबल्या आणि अण्णांचं नाव कुठं आहे म्हणून मला विचारलं. अण्णांनीच बोट केलं. काकूंनी पदराने चष्मा पुसून खालची ओळ वाचली.

"सगळ्यांच्या खाली?" त्या म्हणाल्या.

"व्हय. सगळ्यांच्या खाली," अण्णा म्हणाले.

नातेवाईक एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा मागून सर्जेराव पुढे आला. ज्याच्या तोंडून दिवसाला चार शब्द निघत नाहीत त्या सर्जेरावाने काकूंना सांगितलं, "काकू, ती आमची समद्यांची नावं हायत. अण्णांचं त्यात कायबी न्हाई." काकू पदर खांद्यावर नीट घेऊन अण्णांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, तांबडं नाव नीट येईल असा फोटो काढ. आता ते गडहिंग्लजला राहतात, आणि तिथल्या घरात तो फोटो चौकट करून बाहेरच्या सोप्यात लावलेला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला अण्णा तो मोठ्या आवाजात समजावून सांगतात.

सोमवारी यंत्रणेने विचारलं, मगदूम यांच्या जागी कोण? माने साहेब माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. माझ्याकडे गाडीचं लायसन होतं, कॉलेजात असताना वडिलांच्या हट्टामुळे काढलेलं, फारसं न वापरलेलं. मी साहेबांना काही बोलू दिलं नाही, यादीत माझं नाव टाकलं.

शनिवारी भेळ आता मी कालवते. अजून बिनकांद्याचीच. बैठक मोडली की अण्णांचा गडहिंग्लजहून फोन येतो. तब्येत, पाऊस, पोरंबाळं काही विचारत नाहीत. अक्का, ह्या आठवड्यात किती खाली गेलीस, एवढंच विचारतात, आणि मी पुष्कळ खाली गेले म्हटलं की समाधानाने फोन ठेवतात.